वाक्याआधीचा आवाज

१

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला अकरा दिवस झाले होते आणि माझा दिवस आता रुळावरून चालल्यासारखा चालला होता. सकाळी आठ ते साडेतीन लॅब, चार ते सहा रुग्णालय, सातला घर.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचे करतो, मेणात दात बसवतो, कवळ्या घडवतो. आमचे मालक म्हणतात, "दात आपण देतो, हसायचं ज्याचं त्यानं बघावं." काम हाताचं आणि डोळ्यांचं. कान रिकामे असतात. म्हणून मी कित्येक वर्षं पुस्तकं ऐकत काम करत आले आहे.

खरं सांगायचं तर पुस्तकं ऐकायची सवय घरात जास्त वाढली, आणि तीही बाबांमुळेच. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्यातले बोलणारे एकटे ते. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, अगदी हरवले-सापडलेसुद्धा. आवाज बारीक, घाईचा. एक वाक्य पुरं करतील तर शपथ. अर्ध्यावर सोडून दुसऱ्यावर उडी, तिथून तिसऱ्यावर, आणि मग "काय सांगत होतो गं मी, ठमे?" माझं नाव ठमा नाही. पण घरात मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली आठवत नाही. मी कानात इअरफोन घालून मान डोलवायचे. त्यांना तेवढं पुरायचं, असं मी धरून चालले होते.

आता ते सहा खाटांच्या खोलीत खिडकीशेजारी पडून होते. उजवा हात गेलेला, वाचा गेलेली. डोळे तेवढे माझ्यामागे फिरायचे. घरी आले की कुलूप उघडल्या उघडल्या शांतता अंगावर यायची. तेव्हा मी ते पुस्तक लावलं.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या श्राव्य विभागातून ते फोनवर उतरवून घेतलं होतं. जुनी कादंबरी. डोंगरातल्या वाटेवरची एक सराई, सराईवाला आणि त्याची मुलगी. घडत काहीच नाही. वाटसरू येतात, घोडे बांधतात, जेवतात, झोपतात, सकाळी निघून जातात. वाचणारी बाई पोक्त आवाजाची, किंचित घोगरी, नाटकीपणा अजिबात नाही. मधेच पान उलटल्याचा आवाज यायचा, कधी खुर्ची करकरायची. ती वाचत असली की शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. मला तेवढंच हवं होतं. बसमध्ये, लॅबमध्ये, भांडी घासताना मी त्या बाईला सोडत नव्हते.

२

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधली पॉलिशची मशीनं बंद होती. एरवी त्यांच्या घरघरीत बारीकसारीक काही ऐकू येत नाही. मी खिडकीत बसून डबा खात होते आणि ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला.

बाई प्रत्येक वाक्य वाचायच्या आधी कुणीतरी तेच वाक्य म्हणत होतं.

अगदी हलक्या आवाजात. शाळेच्या नाटकात पडद्याआडून वाक्य पुरवतात तसं. आधी तो पुसट आवाज, मग श्वासाएवढी फट, मग बाईंचा मोठा, स्पष्ट आवाज. "सकाळी धुकं इतकं दाट होतं की." मग बाई, "सकाळी धुकं इतकं दाट होतं की..." मी एक इअरफोन काढला, दुसऱ्यातून ऐकलं. मग उलट. मागची प्रकरणं लावून पाहिली. पहिल्यापासून होतं. मशीनांच्या आणि बसच्या आवाजात माझ्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

आणि तो आवाज पुरुषाचा होता.

मालक हात पुसत आले. मी त्यांच्या कानाला इअरफोन लावला. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं.

"बाई छान वाचते," ते म्हणाले.

"तिच्या आधी कोणी बोलतंय का?"

"मला नाही ऐकू येत. पण माझे कान या मशीनांनी कधीच खाल्लेत." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तू झोपतेस का गं नीट?"

३

रुग्णालयात एक स्पीच थेरपिस्ट मुलगी एक दिवसाआड यायची. तिच्याकडे चित्रांची कार्डं असायची. "आजोबा, हे काय आहे?" किल्ली. पेला. चप्पल. बाबा कार्डाकडे बघायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. सगळ्या जगाचे डोंगर आणि नद्या तोंडपाठ असलेल्या माणसाला चपलेचं नाव आठवत नव्हतं. मी मान फिरवून खिडकीबाहेर बघायचे.

चौदाव्या दिवशी तिनं किल्लीचं कार्ड धरलं आणि बाबा म्हणाले, "खिडकी लावून घ्या, वारा आत येतोय."

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ कोपरावर उठून बसले. आवाज खोल गेलेला होता, बसलेला, पण शब्द स्वच्छ होते.

"अख्खं वाक्य," ती मुलगी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "सहसा सुटे शब्द येतात आधी. ताई, तुमचे बाबा खूप लवकर बोलायला लागणार, बघा."

मी खाटेची कड धरून रडले. सिस्टरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. खिडकी बंदच होती, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

परतीच्या बसमध्ये नववं प्रकरण सुरू झालं. सराईत पाहुणे जेवायला बसले होते. तो पुसट आवाज म्हणाला आणि मग बाईंनी वाचलं, "'खिडकी लावून घ्या,' सराईवाला म्हणाला, 'वारा आत येतोय.'"

मी माझ्या थांब्यापुढे दोन थांबे गेले आणि चालत परत आले.

४

माणूस स्वतःला समजावायला किती हुशार असतो. मी चालता चालता सगळं नीट मांडलं. वाक्य साधं आहे, कुणीही म्हणेल. मी खाटेशेजारी बसून डुलकी घेतली असेल, पुस्तक चालूच राहिलं असेल, इअरफोनमधून आवाज बाहेर गेला असेल. बाबांचे कान शाबूत आहेत. त्यांनी ऐकलं आणि ते बोलले. झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन पूर्ण बंद करून रुग्णालयात जाऊ लागले.

बाबा म्हणाले, "कंदिलात तेल आहे का बघ, मग झोप." सिस्टर हसली. "आजोबा जुन्या काळात गेलेत." त्यानंतर, "घोड्यांना पाणी दाखवलं का?" शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं की हो, दाखवलं. सगळ्यांना बाबा आवडायला लागले. मी वहीत वाक्य आणि वेळ लिहून ठेवायचे. मी अकराव्या प्रकरणात असायचे आणि वाक्य बाराव्यात सापडायचं. कधी तेराव्यात. माझ्या आधी ते तिथं पोचलेले असत.

शनिवारी मी ग्रंथालयात गेले. श्राव्य विभाग तळघरात होता. तिथल्या ग्रंथपाल बाई जाड भिंगाच्या चष्म्याच्या, बोलायला मोकळ्या.

"त्याला भुताटकी समजू नका," त्या म्हणाल्या. "ही रेकॉर्डिंगं मुळात टेपवरची. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. म्हणून वाक्य सुरू व्हायच्या आधी तेच वाक्य पुसट ऐकू येतं. जुन्या सगळ्या टेपांत असतं ते."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "पण आवाज पुरुषाचा वाटतो."

"पुसट आवाज कुणाचाही वाटतो हो." त्यांनी एक रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. "वाचणाऱ्या बाई स्वयंसेवक होत्या. घरीच वाचायच्या, आणि टेप आणून द्यायच्या. घरात कुणीतरी आजारी होतं म्हणून त्यांना बाहेर पडता येत नसे. अडतीस प्रकरणं झाली. पुढच्या टेपा आल्याच नाहीत."

"छापलेलं पुस्तक मिळेल का?"

त्यांनी मान हलवली. "आमच्याकडची प्रत त्यांनीच वाचायला नेली होती."

मी आभार मानून वर आले. आवाजाचं उत्तर मिळालं होतं. बाबांचं विचारायला मला धीर झाला नव्हता.

५

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

बाबांना झटका आला त्या सकाळी मी इस्त्री करत होते. कानात दुसरंच कुठलं तरी प्रवासवर्णन चालू होतं. मधेच मागे कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. मला वाटलं, पुस्तकातलंच. मी आवाज वाढवला. पाच कुर्ते, दोन चादरी आणि बाबांचा सदरा इस्त्री करून झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले तेव्हा ते जमिनीवर होते, गाल फरशीला टेकलेला, डोळे उघडे. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता झालं? वेळ महत्त्वाची असते." मी म्हटलं, मी आंघोळीला गेले होते. दादालाही तेच सांगितलं. दादा परदेशात. त्याला फोनवर जे सांगू तेच खरं.

एकोणिसाव्या दिवशी भेटीची वेळ संपत आली होती, बाकीच्यांकडचे लोक निघून गेले होते. मी बाबांचा डावा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. इस्त्रीचं, आवाज वाढवल्याचं, खोटं बोलल्याचं. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात सोडवून घेतला, माझ्या मनगटावर ठेवला आणि त्या नव्या, बसलेल्या आवाजात म्हणाले,

"दार उघडंच होतं. तुला ऐकू आलं नाही, इतकंच. मनाला लावून घेऊ नकोस."

त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. माझ्या बापानं मला माफ केलं होतं.

दोन दिवसांनी, एका खालच्या जबड्याला मेण लावत असताना, एकोणिसावं प्रकरण लागलं. बर्फाचं वादळ आहे. सराईच्या दारात एक पाहुणा कितीतरी वेळ उभा आहे. आत सराईवाल्याची मुलगी एकटी, तिला ऐकू जात नाही. शेवटी ती कशासाठी तरी दारापाशी येते आणि त्याला बघून ओशाळते. पाहुणा अंगावरचा बर्फ झटकत आत पाऊल ठेवतो आणि म्हणतो...

मी इअरफोन काढायला हात उचलले, पण हाताला मेण होतं. बाईंच्या आधी तो पुसट आवाज म्हणाला, दार उघडंच होतं. खोल. बसलेला. एकेक शब्द पुरा करणारा.

तोपर्यंत बाबा जे बोलत होते ते सराईवाल्याचं होतं. हे पाहुण्याचं पहिलं वाक्य होतं.

६

सव्विसाव्या दिवशी बाबांना घरी सोडलं. वॉकर धरून ते उंबऱ्यात उभे राहिले. तीस वर्षं राहिलेल्या घराकडे त्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवली.

"जागा छान आहे," ते म्हणाले. "उबदार आहे. मी इथंच राहीन."

सोबत आलेला वॉर्डबॉय हसला. "राहा की आजोबा, तुमचंच आहे."

दादा रोज व्हिडिओ कॉल करायचा. "अगं, बाबा किती छान बोलतात आता. पूर्वी कधी वाक्य पुरं करायचे का? आजारानं माणूस गोड झाला." बाबा त्याला म्हणायचे, "वाटेत त्रास नाही ना झाला?" किंवा "बसा, घाई कसली आहे." दादा सुखावायचा. मी कडेला उभी राहून सांगायचे, हो, खूप फरक आहे.

एकदाही त्यांनी मला ठमे म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. हाक मारायची वेळच येऊ द्यायचे नाहीत. मला काही हवं असलं की ते आधीच माझ्याकडे बघत असायचे.

चोविसाव्या प्रकरणानंतर मी पुस्तक बंद केलं होतं. मला वाटलं, मी थांबले की तेही थांबतील. ते थांबले नाहीत. आठवडाभर तग धरला आणि मग एका दुपारी मी पुढची प्रकरणं अधूनमधून लावून पाहिली. सकाळी ऐकलेलं वाक्य एकोणतिसाव्यात होतं. कालचं सत्ताविसाव्यात. त्या शोधाशोधीत आणखी एक कळलं. सराईवाला, त्या मुलीचा बाप, पाहुणा आल्यावर मागच्या खोलीत आजारी पडतो. दोन-तीन प्रकरणं त्याचा उल्लेख येतो, त्याला काढा नेऊन दिला, त्याच्या खोलीचं दार लावलं. मग उल्लेखही येत नाही. त्याच्या खुर्चीत पाहुणा बसतो, त्याचा कंदील पाहुणा लावतो, आणि सराईत कुणालाच त्याचं काही वाटत नाही. वाचणाऱ्या बाईंचा आवाज मात्र त्या प्रकरणांत बदलला होता. ती थकली होती. वाक्य मिळाल्यावर ते वाचायला ती जरा जास्तच वेळ घेत होती.

मी पुन्हा स्वतःशी वाद घातला. झटक्यानंतर आवाज बदलतो, डॉक्टरच म्हणाले होते. स्वभाव बदलतो. माणसं आपल्याच घराला अनोळखी होतात. हे सगळं रुग्णालयानं दिलेल्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी ते पत्रक फ्रिजच्या दारावर लावलं आणि जाता-येता वाचत राहिले.

७

बाबांची वरची कवळी मीच केलेली होती, सहा वर्षांपूर्वी. रुग्णालयात ती काढून माझ्याकडे दिली होती. घरी आल्यावर बसवायला गेले तर ती बसेना. नुसती सैल असती तर समजलं असतं. ती टाळूला लागतच नव्हती. एका बाजूला रुतायची, दुसऱ्या बाजूला अधांतरी.

वजन घटलं की जबडा आक्रसतो. मी घरीच ठसा घेतला. बाबा शहाण्यासारखे तोंड उघडून बसले, जराही ओकारी न काढता. पूर्वी नुसता चमचा पाहिला तरी त्यांना मळमळायचं, अर्धा तास समजूत काढावी लागायची.

लॅबमध्ये प्लास्टर ओतलं, साचा सुकला. मग जुना साचा कपाटातून काढला. ओळखीच्यांचे साचे मी टाकत नाही.

टाळूच्या पुढच्या भागात, दातांच्या मागे, आडव्या वळ्या असतात. जिभेनं चाचपल्या तर लागतात. हिरड्या झिजतात, हाड आक्रसतं, तोंड वाकडं होतं, पण त्या वळ्यांची नक्षी बदलत नाही. बोटांच्या ठशांसारखी ती ज्याची त्याची असते. आमच्या कामात हे सगळ्यांनाच माहीत असतं.

मी दोन्ही साचे शेजारी ठेवले. खूप वेळ बघितले. ठसा बिघडला असेल म्हणून संध्याकाळी घरी जाऊन दुसरा घेतला, सकाळी तोही ओतला. दोन्ही नवे साचे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते.

मालकांसमोर मी जुना एक आणि नवा एक ठेवला. कुणाचे ते सांगितलं नाही.

"हे एकाच पेशंटचे का हो?"

त्यांनी भिंग लावलं. दिव्याखाली फिरवून पाहिले. फार वेळ लागला नाही.

"छे. हा माणूस वेगळा आणि हा वेगळा." त्यांनी साचे परत दिले. "लेबलं बदललीत कुठंतरी. जुन्यावर काय नाव आहे बघ आणि त्याला फोन कर."

"करते," मी म्हटलं.

त्यांना अजून काही विचारायचं होतं, पण आतून कुणीतरी मशीन सुरू केलं आणि ते राहून गेलं.

८

रविवार होता. दुपारचे तीन. जेवण झालं होतं, बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. दादाचा फोन साडेतीनला यायचा होता. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि अडतिसावं प्रकरण लावलं. शेवट काय असेल तो एकदा कळू दे, असं झालं होतं.

बर्फ वितळला आहे. खालच्या गावातली माणसं बऱ्याच महिन्यांनी सराईत येतात. चूल पेटलेली आहे, खुर्चीत पाहुणा बसला आहे. त्यातला एक जण, सराईवाल्याला लहानपणापासून ओळखणारा, खुर्चीकडे बघतो. मग मुलीकडे बघतो. आणि तिला विचारतो, हे कोण?

बाई थांबली.

पान उलटलं नाही. खुर्ची करकरली नाही. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता, जवळून, तोंडाशी हात धरल्यासारखा.

पुसट आवाज म्हणाला, "ती म्हणाली, हे माझेच बाबा."

बाईंनी वाचलं नाही.

तो आवाज पुन्हा म्हणाला, "ती म्हणाली, हे माझेच बाबा." रागानं नाही. लहान मुलाला शब्द पुरवावा तसं, समजूत घालत. आणि वाट बघत राहिला. बाईंनी वाचलं नाही. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, पावलं, कुठलंसं दार. त्यानंतर बाई नव्हती. तिथं नुसतीच खोली होती, आणि तो. वाक्य. वाट बघणं. वाक्य. वाट बघणं. मी मोजत होते. अकरा वेळा झालं.

मी इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

वाक्य थांबलं नाही.

ते आता पुसट नव्हतं. माझ्या पाठीमागून येत होतं, पॅसेजमधून. मी वळले नाही. फोन वाजायला लागला आणि मी तो आधार धरावा तसा दोन्ही हातांनी धरला.

"अगं," दादा म्हणाला. आज त्यानं व्हिडिओ लावला नव्हता. "तू एकटी आहेस का? तुझ्याशीच बोलायचं होतं."

"बोल ना."

"वेड्यासारखं वाटेल तुला. काल मी बाबांना नदीवरच्या सहलीचं विचारलं. मी बुडता बुडता वाचलो होतो ती. ते नुसते हसले. विसरले असतील, मान्य आहे. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ना... मला काल झोप लागली नाही. तू तिथं आहेस, तू रोज बघतेस. खरं सांग मला. हे बाबाच आहेत ना?"

महिनाभर मी ज्या एका प्रश्नासाठी तहानलेली होते तो हा होता. मी नाही म्हटलं असतं तर तो पहिल्या विमानानं आला असता. साचे दाखवले असते तर त्यानं बघितले असते. पहिल्यांदाच हे जाणणारे आम्ही दोघं असतो.

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात ते उभे होते. वॉकर नव्हता. पाठीमागून खिडकीचा उजेड येत होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार. माझ्या वडिलांचा सदरा. ओठ मात्र दिसले. ते हलत होते, सावकाश, मला नीट कळावं म्हणून. मग ते मिटले, आणि डोकं किंचित एका बाजूला कललं. वाट बघत.

मी त्या बाईचा विचार केला. ती उठून गेली होती. कुठल्या घरात गेली असेल, त्या घरात कोण असेल. मग माझं घर डोळ्यांसमोर आलं. सातला उघडायचं कुलूप. मागची खोली, रिकामी. दादा येईल, पंधरा दिवस राहील, डॉक्टरांशी बोलेल आणि परत जाईल.

"हॅलो?" दादा म्हणाला. "आहेस ना?"

"हो," मी म्हटलं. "हे माझेच बाबा."

पलीकडून त्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं वाटलं बघ," तो म्हणाला. "कुणीतरी म्हणायला हवं होतं." फोन ठेवला तेव्हा दारात कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्याचा आवाज आला, जड, सवयीचा.

तेव्हापासून ते पुस्तकातलं बोलत नाहीत. साधंच बोलतात, दूधवाला आला का, आज उशीर झाला का. नव्या साच्यावर मी त्यांना नवी कवळी करून दिली. वॉकर माळ्यावर टाकला. डॉक्टर त्यांची केस दुसऱ्या पेशंटना सांगतात. मी आता कानात काही घालत नाही, कामावरही नाही. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसतो. मी आधी काही बोलत नाही, थांबते. ते बोलतात. मग मी बोलते.